शिगेतली पोकळी

सांगलीजवळच्या माधवनगरच्या भुसार दुकानात ज्वारीचं पोतं सोडलं की रास आपोआप शंकूसारखी बसते. पायली-अधोलीच्या काळात याच ज्वारीवरून वाद होत. माप नुसतं ओतून भरलं तर दाणे कमी, आपटून भरलं तर जास्त. वर शीग घ्यायची की हात फिरवून सपाट करायचं, हा आणखी वेगळा तंटा. १९५६च्या कायद्याने किलो आला आणि भांडण मिटलं. मापात दाणा किती आणि हवा किती, हा प्रश्न मात्र गणितज्ञांनी सोडला नाही.

एकसारखे गोळे कसेही ओतून हलवले तर सुमारे ६४ टक्के जागा भरते. मोसंबीवाला रचतो तसा खाचेत गोळा बसवत गेलं तर ७४.०५ टक्के. याहून दाट रचना होत नाही असं केप्लरने १६११ मध्ये म्हटलं. टॉमस हेल्स यांनी सिद्धता जाहीर केली १९९८ मध्ये, आणि संगणकाने तिची पायरीन्‌पायरी तपासून झाली २०१४ मध्ये. अशा त्रिकोणी राशीतले गोळे मोजण्याचं सूत्र आर्यभटाने पाचव्या शतकाअखेरीस दिलं होतं. तळाच्या कडेला पाच गोळे असतील तर राशीत ३५.

मला ओढ लागते ती उलट प्रश्नाची: किती गोळे काढून घेतले तरी रचना उभी राहील? प्रिन्स्टनच्या साल्व्हातोरे टॉर्क्वाटो आणि फ्रँक स्टिलिंजर यांनी २००७ मध्ये एक रचना दाखवली. दाट राशीच्या प्रत्येक थरातला दर तिसरा गोळा काढायचा. उरतात मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा-सहा गोळ्यांची कडी. थर नीट बसवले की आरपार बोगदे पडतात. दाट राशीत प्रत्येक गोळ्याला बारा शेजारी टेकतात, इथे फक्त सात. भरलेली जागा ४९.३७ टक्के, म्हणजे अर्ध्याहून जास्त पोकळी. तरी कुठूनही दाबलं तर ती सरकत नाही. गणितज्ञ बोरोत्स्की यांनी १९६४ मध्ये याहून कितीतरी विरळ रचना केल्या होत्या. त्यांत एकटा गोळा जागचा हलत नाही, पण सगळे मिळून हलले की रचना मोडते. एकेकाचं अडकणं वेगळं आणि सगळ्यांनी मिळून तग धरणं वेगळं, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

असं मिळून भार पेलणं धान्याच्या साठ्यातही दिसतं. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठवली जायची. तोंड अरुंद, पोट रुंद. कोठारातल्या धान्याचा भार सगळा तळावर येत नाही, दाण्यांच्या रेट्याने तो भिंतींकडे वळतो, हे अभियंते यान्सेन यांनी १८९५ मध्ये मोजून दाखवलं. म्हणजे पेवाची भिंतही ओझं वाहते, आणि ती भिंत तरी काय, मातीच्या कणांचीच रास. २००५च्या महापुरात पाणी शिरलं आणि कित्येक पेवं निकामी झाली.

राजगिऱ्याचा लाडू हातात घेऊन बघा. फुललेला दाणा स्वतःच पोकळ, दाण्यांमध्ये पुन्हा हवा, तरी लाडू बोटांत भुगा होत नाही. खोल समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांसाठी पोकळ काचगोळ्या राळेत बसवून हलका, दाब सोसणारा पदार्थ करतात, तो याच जातीचा. तिथे राळ सगळ्या फटी भरते. लाडवात गूळ फक्त दाणा दाण्याला टेकतो तिथे लागतो. म्हणून पाकाचा अंदाज हातातच असावा लागतो: थोडा जास्त झाला की लाडू जड आणि दगडासारखा, थोडा कमी पडला की ताटातच सुटतो.