चिंध्या चुलीत घालाव्यात का?

आज आपल्या शिलाई मशीनखाली साठणाऱ्या चिंध्यांबद्दल बोलू या.

आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "कापडाचे तुकडे पोतंभर पडलेत. चुलीत घालू, नाहीतर कर्ज काढून त्याच्या कांड्या करायची मशीन घेऊ." विचार चुकीचा नव्हता. कापड जळतं, त्यातून उष्णता मिळते. मग अडचण कुठं आहे?

अडचण आहे ती कापड कशाचं आहे, यात. आपला मुलूख कापसाचा. उदगीरला विणलेल्या खादीचे तिरंगे नांदेडला तयार होतात. ती खादी सुती. सूत हा झाडाचाच धागा, म्हणून ते साधारण लाकडाइतकीच उष्णता देतं. पण आज आपल्या पोत्यात सूत थोडं, पॉलिस्टर आणि नायलॉनच जास्त. हे धागे खनिज तेलापासून बनतात, म्हणजे एका परीनं प्लास्टिकच. पॉलिस्टर २५० अंशांच्या आसपास वितळतं आणि काळा धूर सोडतं. नायलॉन आणि स्वेटरचं ॲक्रिलिक जळताना सायनाइडसारखा विषारी वायू निघू शकतो. रेक्झिनचा धूर तर आणखी घातक. आणि चुलीपुढे बसतो कोण? आपण, शेजारी लेकरू घेऊन.

मग कारखान्यात हेच कापड कसं चालतं? तिथं दोन रीती आहेत. एक, भरपूर हवा देऊन खूप तापलेल्या भट्टीत जाळणं. सिमेंटच्या भट्टीत १,४०० अंशांच्या वर तापमान असतं. तिथं विषारी वायूही बराचसा जळून जातो आणि उरलेला धूर गाळला जातो. दुसरी रीत म्हणजे हवा न लागू देता तापवणं. मातीनं झाकून लाकडाचा कोळसा पाडतात, तसंच. त्यातून जळणारा वायू, तेल आणि कोळसा मिळतो. पुन्हा वापरात न येणारा पण चांगला जळणारा कचरा डेपोत न पुरता ऊर्जेसाठी वापरावा, असं केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांतही सांगितलं होतं. पण हे काम मोठ्या भट्टीचं, आपल्या अंगणातलं नाही.

आपल्या हातात आहे ते वेगळं करणं. उघड्यावर, जवळ पाणी ठेवून, चिमट्यात एकच धागा धरून पेटवा. नायलॉनची साडी नेसून हे करू नका. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख आली, तर सूत. धागा आक्रसून वितळला आणि कडक मणी झाला, तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. केस जळल्यासारखा वास आला, तर लोकर किंवा रेशीम. राखही आणि मणीही दिसला, तर टेरिकॉट. ते पॉलिस्टरच्या पोत्यात टाका.

सुती तुकड्यांच्या गोधड्या, पायपुसणी, हातपुसणी करा. बाकीचं कोरडं ठेवून ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्या.

आणि इंधनाचा धंदाच करायचा असेल, तर आधी पऱ्हाटीकडे बघा. मुंबईची १९२४ साली सुरू झालेली कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे 'सिरकॉट', हिनं पऱ्हाटीच्या कांड्या करण्याचं तंत्र बसवलं आहे. पऱ्हाटी हलकी, जागा फार खाते. बारीक करून दाबली की ट्रॅक्टरमध्ये जास्त माल बसतो. ती रानातून वेळेवर निघाली, तर गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो. चिंध्या मात्र मशीनच्या फिरत्या दांड्याला गुंडाळतात आणि काम अडतं. म्हणून कर्ज काढण्याआधी तीन गोष्टी विचारा: माल वर्षभर मिळेल का, कांड्या घेणार कोण आणि विजेचं बिल किती?

आम्ही कर्ज काढलं नाही. मशीनखाली दोन पोती ठेवली, एक सुतीचं, एक बाकीच्याचं. पहिल्या पोत्यातून गोधड्या शिवल्या जातात. दुसऱ्यातलं काहीही चुलीत जात नाही, एवढा ठराव वहीत लिहिला आहे. तुमच्याही बैठकीत हा विषय घ्या.