हिमनदी : निर्मिती, गती आणि बदल

शास्त्रीय विषयावरील मराठी गद्य वाचताना पुष्कळदा विषय अवघड नसतो. आपल्या ओळखीचा शब्दच आपल्याला चकवतो. 'हिमनदी' हा असा शब्द आहे. 'नदी' म्हटले की पाणी, उतार, दोन तीर आणि प्रवाह डोळ्यांपुढे येतात. हिमनदीला उतार असतो, तीर असतात, प्रवाहही असतो. परंतु वाहतो तो घन बर्फ. घन पदार्थ वाहतो कसा, हा या पाठातील मुख्य प्रश्न आहे. गढवालात हिमनदीला 'बमक' म्हणतात. गंगोत्रीला मिळणाऱ्या उपहिमनद्यांची रक्तवर्ण बमक, चतुरंगी बमक, कीर्ती बमक ही नावे नकाशांवरही आढळतात. या शब्दात नदीची उपमा नाही. हिमनदी ज्यांच्या डोळ्यांसमोर असते त्यांना तिच्यासाठी स्वतंत्र शब्द असतो. आपल्याला तो उपमेने घडवावा लागला.

हिम आणि बर्फ

बोलीत आपण आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत कणांनाही बर्फ म्हणतो आणि गोळेवाल्याच्या लादीलाही बर्फच म्हणतो. गंमत अशी की, ज्या फारसीतून हा शब्द आला, तिच्यात 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडणारे हिम. गोठलेल्या पाण्याला तेथे 'यख' हा वेगळा शब्द आहे. उष्ण प्रदेशातील भाषेला हा भेद राखण्याची गरज भासली नसावी. शास्त्रीय लेखनात मात्र तो राखावाच लागतो, कारण हिमाचे बर्फात रूपांतर होणे हीच हिमनदीच्या जन्माची कथा आहे.

उंच पर्वतावर हिवाळ्यात जितके हिम पडते तितके उन्हाळ्यात वितळले नाही, तर काही शिल्लक राहते. पुढील वर्षी त्यावर नवा थर बसतो. विदर्भात किंवा खानदेशात राहणाऱ्यांनी जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना पाहिला असेल. खोलीभर पसरलेला मोकळा कापूस दाबाखाली आला की त्यातील हवा निघून जाते आणि त्याची घट्ट गाठ बनते. हिमाचेही असेच होते. ताज्या हिमाचा एक घनमीटर साधारण शंभर किलोग्रॅम भरतो, कारण त्यात बहुतांश हवाच असते. वरच्या थरांच्या भाराने हिमपाकळ्यांची टोके मोडतात, त्यांचे गोलसर कण बनतात व ते एकमेकांना चिकटतात. या कणीदार अवस्थेला 'फर्न' म्हणतात. आणखी काही वर्षांनी, कोरड्या व अतिथंड प्रदेशात तर शतकाहून अधिक काळाने, हवेच्या वाटा बंद होतात आणि घनमीटरला सुमारे नऊशे किलोग्रॅम वजनाचा बर्फ तयार होतो. कापसाची उपमा येथवरच चालते. कापसाची गाठ सोडली तर कापूस पुन्हा मोकळा होतो. बर्फाचे स्फटिक मात्र नव्याने घडलेले असतात.

घन पदार्थाचे वाहणे

बर्फाचा थर पुरेसा जाड झाला की तो स्वतःच्या भाराने उतारावरून सरकू लागतो. येथे दोन क्रिया घडतात. पहिली बर्फाच्या अंतर्भागात घडते. पत्त्यांची चळत तिरकी धरली असता पाने एकमेकांवरून घसरतात, त्याप्रमाणे स्फटिकांतील सूक्ष्म थर परस्परांवरून सरकतात. बर्फ मोडत नाही, आकार बदलत पुढे जातो. दुसरी क्रिया तळाशी घडते. तेथे वितळबिंदूच्या आसपास तापमान असेल, तर खडक आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि संपूर्ण हिमनदी त्यावरून घसरते. वरच्या सुमारे पन्नास मीटरांतील बर्फावर भार कमी असल्याने तो ठिसूळच राहतो. खालचा बर्फ वाहतो आणि वरचा ताणला जाऊन फाटतो. गिर्यारोहकांचा जीव घेणाऱ्या खोल भेगा अशा निर्माण होतात.

ही गती डोळ्यांना दिसत नाही. ती सिद्ध करावी लागली. स्वित्झर्लंडमध्ये उंटरआर हिमनदीवर हुगी नावाच्या निसर्गअभ्यासकाने १८२७ साली एक झोपडी बांधली होती. १८४०च्या सुमारास लुई अगासिझ यांना ती मूळ जागेपासून एक किलोमीटरहून अधिक खाली आढळली. अगासिझ यांनी मग हिमनदीच्या रुंदीवर एका सरळ रेषेत खुंट रोवले. वर्षभराने पाहिले तेव्हा रेषा वाकली होती : मधले खुंट पुढे गेले होते, काठाजवळचे मागे राहिले होते. नदीतही मधली धार वेगवान असते आणि काठाची मंद. म्हणजे आपली उपमा या एका बाबतीत तरी खरी ठरते.

वाहताना हिमनदी तळाशी अडकलेल्या दगडांनी खडक घासत जाते आणि उचललेला राडारोडा कडेला व तोंडाशी रचून ठेवते. या राशींना 'हिमोढ' म्हणतात. सह्याद्रीत हिमनदी नाही हे खरे. परंतु चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे चुनखडकाच्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे आणि वर गोट्यांचा थर आहे. १८७०च्या दशकात फेडन या भूवैज्ञानिकाने त्यांची नोंद केली. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता, तेव्हाच्या बर्फाची ती खूण आहे. मे महिन्यातील चंद्रपूर ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे विशेष वाटेल.

'माघार' म्हणजे काय?

गंगोत्री हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब आहे. ती चौखंबा शिखरांच्या परिसरात उगम पावते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटरांवर, गोमुखाशी, संपते. तेथून भागीरथी निघते. १९३५ साली ऑडेन यांनी गोमुखाचे मोजमाप केले. त्यानंतरच्या नोंदींवरून हे तोंड गेली काही दशके सरासरीने वर्षाला वीसेक मीटर मागे सरकत असल्याचे दिसते. वृत्तपत्रे याला हिमनदीची 'माघार' म्हणतात. शब्द रूढ आहे, परंतु त्यावरून बर्फ मागे फिरतो असा समज होतो. बर्फ कधीच मागे फिरत नाही.

हा जमाखर्चाचा प्रश्न आहे. वरच्या भागात हिम जमा होते, खालच्या भागात बर्फ वितळतो. समजा, एका वर्षात तोंडाशी तीस मीटर बर्फ पुढे आला आणि पन्नास मीटर वितळला, तर तोंड वीस मीटर मागे गेलेले दिसेल. बर्फ मात्र तीस मीटर पुढेच आलेला असेल. शिवाय वरची जमा घटल्याचा परिणाम तोंडापर्यंत पोहोचण्यास कित्येक वर्षे, मोठ्या हिमनद्यांत काही दशके लागतात. म्हणून केवळ लांबी मोजून हिमनदीची प्रकृती कळत नाही. तोंड स्थिर असतानाही ती अंगाने रोडावत असू शकते. राडारोड्याचे आवरणही फसवते : पातळ थर ऊन शोषून बर्फ लवकर वितळवतो, तर जाड थर गोधडीप्रमाणे त्याचे रक्षण करतो.

नेपाळ व सिक्कीमकडील हिमनद्यांत हा जमाखर्च अधिक नाजूक आहे. तेथे हिमवर्षाव मुख्यतः मान्सूनमध्ये होतो. म्हणजे जमा आणि खर्च एकाच ऋतूत चालतात. तापमान थोडे वाढले की हिमाऐवजी पाऊस पडतो. मग जमा घटते आणि उघडा पडलेला करडा बर्फ अधिक ऊन शोषतो, म्हणून खर्चही वाढतो. एवढ्यावरून गंगा आटणार असे विधान करणे मात्र उतावीळपणाचे आहे. गंगेच्या मैदानी प्रवाहात पावसाचा वाटा मोठा आहे. हिमनद्यांवरील अवलंबित्व पर्वतातील गावांत आणि कोरड्या महिन्यांत तीव्र असते.

धोका पाणी कमी होण्याचाच आहे असेही नाही. हिमनदी आक्रसली की तिच्या आणि हिमोढाच्या मध्ये तलाव साचतो. बांध मातीदगडांचा, कोणीही न बांधलेला. सिक्कीममधील दक्षिण ल्होनक तलावात ऑक्टोबर २०२३मध्ये कडेच्या हिमोढाचा उतार कोसळला, तलाव फुटला आणि पुराने तिस्ता नदीवरील चुंगथांग येथील धरण वाहून नेले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात आलेला पूर वेगळा होता. बातम्यांत 'हिमनदी फुटली' असे शब्द आले. प्रत्यक्षात रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे पावणेतीन कोटी घनमीटर खडक व बर्फ कोसळला होता, त्यात सुमारे चार पंचमांश खडकच होता. घर्षणाने बर्फ वितळला आणि चिखलाचा लोंढा दोन जलविद्युत प्रकल्पांवर आदळला. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. तलाव फुटण्याचा धोका असेल तर तलावावर लक्ष ठेवता येते, त्याची पातळी उतरवता येते. डोंगराची कडाच निसटणार असेल तर हे उपाय निरुपयोगी ठरतात.

कृती : या दोन दुर्घटनांच्या काळातील मराठी वृत्तपत्रांतील प्रत्येकी एक बातमी मिळवा. 'फुटणे', 'कोसळणे', 'तुटणे', 'वितळणे' ही क्रियापदे कोणत्या कर्त्याबरोबर आली आहेत ते लिहून काढा आणि वर सांगितलेल्या घटनाक्रमाशी ताडून पाहा.