कृतज्ञता म्हणजे लाचारी नव्हे

लाभ-हानी, कीर्ती-अपकीर्ती, निंदा-स्तुती आणि सुख-दुःख हे आठ लोकधर्म कोणालाच चुकत नाहीत, अशी तथागतांची शिकवण आहे. ते टाळणे आपल्या हाती नाही. त्यांच्याकडे कसे पाहावे, हे मात्र आहे. मंगलसुत्तातील 38 मंगलांत म्हणूनच कृतज्ञतेचा समावेश आहे.

पण कृतज्ञता म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. त्या वेळचा नोकरीचा करार पाळण्यासाठी 1917 साली ते बडोद्यास आले, तर तेथे त्यांना राहावयास जागाही मिळेना. बाबासाहेबांनी शब्द पाळला आणि झालेला अपमानही लिहून ठेवला.

आम्ही बँकेत जमा आणि नावे या दोन्ही बाजू मांडतो. एक गाळली तर हिशेब जुळत नाही. मनाचेही तसेच आहे. आमच्या कर्जत तालुक्याला दुष्काळ नवा नाही. 1972 च्या दुष्काळात आमच्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून लेकरे जगविली. आज आमच्या हाती लेखणी आहे, ती त्या घामाची जमा आहे.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत गुण कमी पडले तर चूक जरूर शोधा. पण फीसाठी ज्यांनी मजुरी केली, त्यांना विसरू नका. रोज झोपण्यापूर्वी एक उपकार आठवावा आणि उद्या तो कोणाच्या तरी उपयोगी पडून फेडावा. हीच खरी कृतज्ञता होय.

जयभीम!