ध्वनी कळावा बोटांना आणि कानांना

‘कंपनांतून ध्वनी निर्माण होतो’ हे वाक्य शाळकरी मुले उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात. मात्र कंपन बोटांना कधी जाणवलेच नसेल, तर ते निव्वळ पाठांतर ठरते. ध्वनी डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे लहान मुलांना त्याची ओळख करून देताना पुस्तकाला कृतीची जोड आवश्यक असते.

प्रारंभ चित्रांच्या पुस्तकापासून करता येतो. मराठी भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. पाण्याची खळखळ, पानांची सळसळ, पैंजणांची छुमछुम, ढगांचा गडगडाट असे शब्द स्वतःच ध्वनीचे चित्र उभे करतात. गोष्ट मोठ्याने वाचताना हे आवाज मुलांकडून काढून घ्यावेत. गळ्यावर हात ठेवून ‘म’ हा वर्ण लांबवायला सांगितला, की कंपनाचा पहिला धडा तेथेच मिळतो.

पुढच्या प्रयोगांसाठी प्रयोगशाळा लागत नाही. रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुग्याचा पडदा ताणून बसवावा, त्यावर तांदळाचे चार दाणे टाकावेत आणि जवळ ताट वाजवावे. दाणे नाचू लागतात. हवेतून आलेला ध्वनी पडदा हलवतो, हे मुलांना दिसते. कानाचा पडदाही असाच हलतो. चमच्याच्या मध्यावर दोरा बांधून त्याची दोन्ही टोके बोटांनी कानांशी धरली आणि चमचा टेबलावर हलकेच आपटला, तर देवळातील घंटेसारखा नाद ऐकू येतो. ताणलेल्या दोऱ्यातून ध्वनी हवेपेक्षा अधिक चांगला पोहोचतो, हे त्यामागील कारण.

एक कोडे मात्र अवश्य घालावे. काचेच्या बाटल्यांत कमी-अधिक पाणी भरून त्यांवर चमचा वाजवला, तर अधिक पाण्याच्या बाटलीतून खालचा स्वर येतो. त्याच बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली, तर स्वर चढतो! पहिल्या वेळी पाण्याने जड झालेली काच कंप पावते. दुसऱ्या वेळी वरची आखूड झालेली हवा. प्रयोगापूर्वी मुलांना अंदाज बांधू द्यावा. अंदाज चुकला, की शिकणे सुरू होते.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची ही वाट अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या ‘आयुका’तील मुलांच्या विज्ञान केंद्रातून घरोघरी पोहोचवली. २०१८ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरविलेल्या गुप्ता यांची अनेक पुस्तके मराठीतही उपलब्ध आहेत.

पावसाळ्यात आकाशच वर्ग होते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद घरात बसून मोजावेत आणि तीनने भागावे. वीज किती किलोमीटरवर कडाडली, याचा अंदाज येतो.

या खेळांचा आणखी एक लाभ आहे. हलक्या आवाजांना एखादे मूल वारंवार प्रतिसाद देत नसेल, तर पालक-शिक्षकांच्या ते ध्यानात येते. अशा वेळी ‘लक्ष नाही’ म्हणून रागावण्याऐवजी कानांची तपासणी करून घ्यावी. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा निर्माण होत नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० च्या नियमांनी घातली आहे. तरीही मिरवणुकांतील भिंतींएवढ्या ध्वनिवर्धकांपुढे लहान मुले उभी दिसतात. दाणे नाचताना पाहिलेल्या मुलाला कान जपण्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.