परदेशी गेलेल्या आप्ताचा शोध : कामठीच्या नोंदी कोठे पाहाव्यात?

कामठीहून परदेशी गेलेल्या पूर्वजाचा माग नागपूरच्या दप्तरांतच काढू पाहणारा अभ्यासक बहुधा रिक्तहस्ते परततो. त्याचे कारण प्रशासकीय आहे. १८२१ साली वसलेल्या या छावणीत प्रदीर्घ काळ मद्रास सैन्याची पथके होती. त्यामुळे येथील ख्रिस्ती कुटुंबांच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती मद्रास इलाख्याच्या विवरणांतून लंडनला गेल्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. विवाहनोंदीत वधूवरांच्या पित्यांची नावे सापडल्यास एक पिढी मागे जाता येते.

छावणीतील भिस्ती, मोतद्दार, मजूर यांच्या वाट्याला मात्र अशी नोंदवही आली नाही. त्यांच्यापैकी कोणी करारबद्ध मजूर म्हणून गेला असेल, तर शोध उलट टोकाकडून, म्हणजे तो जेथे उतरला त्या बंदराकडून, करावा लागतो. मॉरिशसचे असे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे. त्यात मजुराचा क्रमांक, पित्याचे नाव, वय, जात व गाव अशा नोंदी आढळतात. गावांची नावे कानावर पडतील तशी लिहिलेली असल्याने ‘कॅम्पटी’सारखी रूपेही तपासावीत. शिवाय ‘मद्रास’ हे केवळ प्रस्थानाचे बंदर असू शकते; तेवढ्यावरून पूर्वज तमिळ ठरत नाही.