कातळावरची कहाणी कोणी सांगायची?
कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली: महाराष्ट्रातली ८ स्थळे आणि गोव्यातले फणसायमळ. कशेळीचा सुमारे १८ मीटरचा हत्ती पाहायला लोक आता वाट वाकडी करतात. पण ही शिल्पे कोरणाऱ्यांनी लेखी काहीच मागे ठेवलेले नाही. त्यामुळे इथे गावकऱ्यांचे सांगणे हे तोंडीलावणे राहत नाही. फणसायमळची चित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांना कळली तीच मुळी स्थानिकांकडून.

‘ही शिल्पे पांडवांनी कोरली’ हे गावकऱ्यांचे सांगणे काही इतिहास नव्हे, असा आक्षेप येतो. मान्य. पर्यटकांना शिल्पे दाखवणाऱ्या वाटाड्याने ते इतिहास म्हणून सांगूही नये. गावाची समजूत म्हणून सांगावे आणि अभ्यासकांचे अंदाज शेजारी ठेवावेत. देवीहसोळ गावातल्या कोरीव चौकटीला आर्यादुर्गा देवीच्या उत्सवात मान आहे. त्यावरून मूळ हेतू कळत नाही, पण गाव त्या दगडाला काय समजते ते कळते, आणि माहितीफलकावर नेमके तेच नसते. पर्यटकांच्या पायांखाली जांभा दगड झिजेल, ही शंका मात्र जास्त वजनाची. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या गावातल्या कोरीव हत्तीभोवती कठडा उभारून तिला एक उत्तर दिले आहे. शिवाय शिल्पे असलेले सडे, म्हणजे कातळाची पठारे, बहुतांशी खासगी मालकीचे. जांभ्याचे चिरे काढणारा खाणवाला त्या जमिनीसाठी रोख मोजतो. जमीनमालकाला आणि गोष्ट सांगणाऱ्याला पर्यटनातून काहीच मिळणार नसेल, तर शिल्प राखण्याचा भार त्यांनीच का वाहावा?