विसराळू म्हातारपण आणि सांभाळणारे हात



या पानावर नेहमी बेणेप्रक्रिया, लागण, खोडवा, पाचट असेच विषय असतात. या अंकात मात्र जरा निराळा विषय घेतला आहे. गटात फिरताना ओसरीवरच्या बाजेवर बसलेली वडीलधारी मंडळी दिसतात. त्यांच्यापैकी काहींना आता घरचीच माणसे ओळखू येत नाहीत. ताटावरून उठून पाच मिनिटे झाली नाहीत तोच आजी म्हणते, "मले कोनं जेवाले देल्लं नाही." आपण हसतो, "साठी बुद्धी नाठी" म्हणतो आणि पुढे जातो. पण जी बाई त्या आजीला दिवसभर सांभाळते, तिला हसू येत नाही. हा लेख तिच्याविषयी आहे.

हा म्हातारचळ नव्हे, करणीही नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. त्यातील सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला अल्झायमर हे नाव पडले, कारण १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने त्याची पहिली नोंद विद्वानांसमोर मांडली. आपल्या देशात झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढील लोकांत या आजाराचे प्रमाण शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. शहरात हे प्रमाण शेकडा ५.३, तर खेड्यात ८.४ आहे. म्हणजे हे दुखणे शहरातल्या बंगल्यापुरते नाही, ते आपल्या गावात आहे.

आता सांभाळायचे कोणी? मुले पुण्या-मुंबईला, संभाजीनगरला. कित्येक घरांतली जोडपी सहा-सहा महिने तोडणीला बाहेर. मग सगळा भार सुनेवर, नाही तर पगारी बाई ठेवायची. ती बाई दोन महिन्यांत काम सोडते. दुसरी येते, तीही सोडते. आपण म्हणतो, "आजकाल माणसंच टिकत नाहीत." पण का टिकत नाहीत, याचा विचार आपण करीत नाही. आणि माणूस बदलला की सर्वांत जास्त हाल आजारी माणसाचेच होतात. नवा चेहरा, नवा आवाज, नवी पद्धत यांनी तो बावरतो, चिडतो, घराबाहेर निघून जातो.

तोडणी टोळीचा अनुभव आपणा सर्वांना आहे. ज्या शेतावर पिण्याच्या पाण्याची सोय आहे, गाडीला वाट आहे आणि मालक दोन शब्द बरे बोलतो, त्या शेतावर टोळी खुशीने कोयता घालते. दर सगळीकडे तोच, पण कामाचे समाधान निराळे. सांभाळणाऱ्या माणसाचेही तसेच आहे. पगार वेळेवर हवाच, त्याला पर्याय नाही. पण नुसत्या पगाराने या कामात कोणी टिकत नाही. आजारी माणूस उपकार मानत नाही, उलट चोरीचा आळ घेतो, कधी हातही उगारतो. हे तो करीत नसून आजार करतो आहे, एवढे ज्याला कोणी समजावून सांगितले, त्याचा निम्मा त्रास तिथेच कमी होतो.

याचा प्रत्यय गोव्यात आला. डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. बारावीपर्यंत शिकलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या, म्हाताऱ्या माणसांची आवड असलेल्या कार्यकर्त्यांना एक आठवड्याचे शिक्षण दिले. ते सहा महिने पंधरवड्यातून निदान एकदा घरी जात. आजार समजावून सांगत, आंघोळ-जेवणाच्या युक्त्या शिकवीत, आणि मुख्य म्हणजे सांभाळणाऱ्याचे ऐकून घेत. त्यांच्या पाठीशी समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ होते. ज्या घरी हे कार्यकर्ते गेले, तेथील सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य सुधारले. रोग्याच्या वागण्याचा त्यांना होणारा मनस्तापही कमी झाला. मोठे यंत्र नाही की महागडे औषध नाही.

ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड येथील टॉम किटवूड यांनी १९९७ सालच्या आपल्या पुस्तकात आग्रहाने मांडले की, आधी माणूस पाहा, मग आजार पाहा. सांभाळणाऱ्या बाईला आजोबा कोण होते हे सांगा. ते पंचक्रोशीत बैल पारखायचे, हरिपाठ म्हणायचे, हे तिला कळले की ती त्या विषयावर बोलते. आजोबांचा चेहरा खुलतो. तो खुललेला चेहरा हीच तिची खरी कमाई. आपण ज्याला कामाचे समाधान म्हणतो, ते येथे उगवते.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे :

१) विसर वाढला की आधी डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडचा दोष किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो.

२) सांभाळणाऱ्या बाईचे काम, वेळ, पगार व आठवड्याची सुट्टी आधीच ठरवावी. तिच्याकडून धुणीभांडी व गोठाही करून घेऊ नये.

३) घरची सून सांभाळत असेल तर तिलाही सुट्टी लागते. चार दिवस माहेरी जाऊ द्या, तेवढे दिवस मुलांनी हातभार लावावा. आईबापाची सेवा हे फक्त बायकांचे काम नव्हे.

४) सल्ला हवा असल्यास ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत.

गटवार मेळाव्यात या विषयाला अर्धा तास द्यावा व दर गावातून दोन होतकरू मुलींना असे शिक्षण मिळवून द्यावे, अशी माझी सूचना आहे. लागणीचा ऊस चांगला जोपासला तरच खोडवा जोमदार येतो, हे आपण जाणतोच. ज्यांनी आपल्याला जोपासले त्यांना जोपासणाऱ्या हातांचीही तशीच काळजी घेऊ या.

— ऊस विकास अधिकारी